बेडकीची गळती

आमच्या घरात जेवण चांगलं असायचं, फक्त ते कुठे ठेवलंय हे कुणाला नक्की माहीत नसायचं. दौंडला बाजारपेठेच्या टोकाला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी. दुरुस्त केलेला फ्रीज दोन दिवस भरून चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही असा आप्पांचा नियम होता, आणि भरायचा म्हणजे आमच्याच घरातल्या वस्तूंनी. त्यामुळे दही पोस्टमास्तरांच्या फ्रीजमध्ये, कालची आमटी रेल्वेतल्या टीसीच्या फ्रीजमध्ये आणि मळलेली कणीक देव जाणे कुणाच्या, असा कारभार चाले. पानं वाढली की आई ओरडायची, "ठेचा कुणात हाय?" आणि मी आडनावं आठवत दुकानात पळायची. एकदा सुक्या बोंबलाची चटणी डबीसकट एका माळकरी गिऱ्हाइकाच्या घरी पोचली. ते गृहस्थ पुन्हा आमची पायरी चढले नाहीत. डबीही परत आली नाही, आणि आईला गिऱ्हाइकापेक्षा डबीचं वाईट वाटलं.

दिवसभर चार-पाच कॉम्प्रेसर घरघरत असायचे. मधूनच मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची, आणि आई एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने मांडणी धरायची. मला अजूनही पूर्ण शांततेत झोप लागत नाही. मुलगा म्हणतो डॉक्टरला दाखव, मी म्हणते एखादा जुना फ्रीज आणून दे, गोळ्यांपेक्षा बरा.

आप्पा देव-धर्म काही मानत नसत, आणि न मानणं गुपचूप करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गणपतीत मंडळं त्यांना भाषणाला बोलवायची. का बोलवायची हे मला कधी कळलं नाही, कारण हे मंडपातच उभे राहून सांगायचे, की नवस बोलून आजवर एकही कॉम्प्रेसर चालू झालेला नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला तिकडे काम असेल असं समजावं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानापुढे एखादा टेम्पो उभा राहिला की त्याच्या पुढ्यातली लिंबू-मिरची ते स्वतः सोडून घ्यायचे आणि आईला नेऊन द्यायचे. "मिरची ठेच्याला, लिंबू सरबताला. टेम्पोवाल्याला इचारलंय म्या." टेम्पोवाल्याला कुणी काही विचारलेलं नसायचं. आई ते दोन्ही चिमटीत धरून गटारात टाकायची आणि हात धुवायची. सरबत मात्र करायची, घरातल्या लिंबाचं, म्हणजे आप्पांना बरं वाटावं.

आता घरातलं गुपित सांगते. आप्पांना दिसायचं कमी झालं होतं. तीस वर्षं त्यांनी गॅसच्या ज्योतीने तांब्याच्या नळ्या जोडल्या, काळा चष्मा न लावता. चष्मा लावला की काम दिसत नाही म्हणायचे. मग चष्मा काढला तरी काम दिसेना. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की घरातून बाहेर पडायचे. नळ्या जोडायचं काम मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून करत होते, आणि कॉलेज सुटल्यावर पूर्णवेळ तेच. पण गिऱ्हाइकाला ते कळता कामा नये. म्हणून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लावला होता. पडद्याआड मी ज्योत धरून बसायची आणि शेजारी स्टुलावर आप्पा बसून खोकायचे. गिऱ्हाइकाला खोकला ऐकू आला की त्याची खात्री पटायची, आप्पा कामाला लागलेत. माझ्या हाताला यश होतं, आप्पांच्या घशाला नाव होतं.

अशा वेळी आमच्या दुकानात बेडकी आली.

बेडकी म्हणजे न्हावऱ्याच्या नानांची गाडी. नाना ऊस-कांद्याचे मोठे बागायतदार आणि गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. मुंबईच्या कुणा सिनेमावाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. परदेशी, लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि उंचीने उसाच्या बैलगाडीच्या चाकाएवढी. दिवे लावले की पुढच्या पत्र्यातून दोन डोळे वर यायचे, म्हणून गावाने तिला बेडकी म्हटलं. कंपनीचं खरं नाव गावात कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं, नानांना तर मुळीच नाही. नानांचं वजन भरघोस होतं. ते आत बसताना आधी बूड, मग मान, मग एकेक पाय असा क्रम असायचा, आणि उतरताना दोन माणसं लागायची. गतिरोधक आला की चार जण बोलावून गाडी उचलून पलीकडे ठेवायची. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं त्यांना दिसायचं नाही; उजवीकडे बसलेल्या काकी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. "जावा. जावा. थांबा! आता जावा." न्हावऱ्याहून शिरूर गाठेपर्यंत काकींचा घसा बसायचा.

आणि काकींनीच संप पुकारला होता. उजव्या दाराची काच खाली जात नव्हती, इंजिन पाठीमागे सीटच्या बुडाशी, आणि एसी मेलेला. "भट्टीत बसवून मला शिरूरला न्यायची तर मी एसटीनं जाती," असं म्हणून त्या खरंच एसटीने जाऊ लागल्या. काकी नाहीत म्हणजे ओव्हरटेक नाही. नाना उसाच्या ट्रॅक्टरमागे ताशी दहाच्या वेगाने शिरूर गाठायचे, लाल गाडीत बसून. पुण्याच्या दोन गॅरेजांनी तिला हात लावायला नकार दिला होता. संस्थेचं दूध गार करायचं मशीन आप्पा सांभाळायचे, म्हणून नाना ती आमच्याकडे घेऊन आले.

"दूध गार करता, म्हटल्यावर माणूस बी गार करता यील की," नाना म्हणाले.

"गारवा त्योच, नाना. भांडं येगळं," आप्पा म्हणाले, आणि मला आत खूण केली.

ते काम मी कधी विसरणार नाही. इंजिन मागे म्हणून कॉम्प्रेसर मागे, आणि गॅस थंड करायची जाळी अगदी पुढे नाकात. दोन्हींच्या मधे गाडीच्या पोटाखालून ॲल्युमिनियमच्या लांबलचक नळ्या. त्या नळ्यांना वीस वर्षांचे दगड लागलेले. आमचं हवा खेचायचं मशीन म्हणजे एका मेलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडलेला. गळती शोधायला साबणाचा फेस आणि तो लावायला आप्पांचा दाढीचा ब्रश. त्या महिन्यात आप्पांची दाढी वाढली होती, आणि गिऱ्हाइकांना वाटलं घरात कुणाचं तरी सुतक आहे.

नाकाखालची नळी कुजली होती, तिथला तुकडा कापून नवा जोडायचा होता. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं, आता पुरे. ॲल्युमिनियम काही सांगत नाही. चेहरा तसाच ठेवतं आणि एकदम पाण्यासारखं गळून पडतं. आप्पांनी युक्ती शिकवली होती: काडेपेटीची काडी नळीवर घासत राहायची, काडी तपकिरी रेघ ओढायला लागली की ज्योत लांब न्यायची. मी तीन तुकडे वाया घालवले. चौथा जोड बसला. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला, डोळ्यांनी नाही, अंगठ्याने, आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात ही शाबासकी होती.

गॅस भरला, पट्टा फिरला, आणि डॅशबोर्डाच्या जाळीतून गार हवा आली. तिला जुन्या चामड्याचा आणि मुंबईच्या अत्तराचा वास होता. नाना आत बसून डोळे मिटून राहिले. मी नेमकी त्याच वेळी गाडीखालून बाहेर आले, कोपरापर्यंत काळी.

नानांनी डोळे उघडले. "आप्पा, ही काय करती गाडीखाली?"

आप्पा खोकले. पण पडदा नव्हता, तेव्हा खोकल्याचा काही उपयोग झाला नाही.

"जोड मी केलाय, नाना," मी म्हणाले. "सगळं मीच केलंय."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गल्ला उघडा टाकून आले आहे. पण मला कंटाळा आला होता त्या गोणपाटाचा. नाना हसले, मग हसायचे थांबले, मग म्हणाले, "संस्थेच्या मशीनला बी तूच हात लावती काय?" मी म्हणाले, चार वर्षं झाली. मग नानांनी हिशोबी चेअरमनसारखं सांगितलं. "हे बघ पोरी. गावाचं दूध हाय त्यात. मशीन बंद पडलं तर हजारो लिटर नासतंय, आन् संचालक मंडळी माझ्या नावानं शिमगा करतील की चेअरमननं पोरीच्या हातात दिलं. ही बेडकी पाडव्यापोत्तर गार ऱ्हायली तर मशीन तुझ्या नावावर, मंडळीच्या तोंडावर मी सांगीन. न्हाई ऱ्हायली, तर तिथं पाय ठिवायचा न्हाई. आप्पांनी एकट्यानंच यायचं."

आणि आप्पांनी एकट्याने जाणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मशीनवरच्या काट्याचा आकडासुद्धा त्यांना वाचता येत नव्हता. संस्थेचं काम गेलं तर दुकान उरलं असतं फक्त पाट्या लावायला.

दिवाळी नुकतीच झाली होती. गुढीपाडवा लांब होता. संक्रांतीच्या आधीच बेडकी परत आली, गरम.

ती आली तेव्हा मी मागे होते. आप्पाच लगबगीने पुढे झाले, गाडीच्या नाकाशी वाकले, काहीतरी चाचपलं आणि मग मला हाक मारली. दाढीचा ब्रश पुन्हा निघाला. नाकाखालच्या नळीवर, माझ्या जोडापासून दोन बोटांवर, फेसाचा एक बारीक बुडबुडा फुगत होता. आप्पांनी अंगठा फिरवला.

"जोड कच्चा हाय तुझा."

"जोड इथं हाय, आप्पा. बुडबुडा तिथं हाय."

"तापवताना शेजारची नळी मऊ पडली आसंल. तुझाच जोड त्यो."

असं होऊ शकतं. मी तो सगळा भाग कापला आणि नवा तुकडा घालून पुन्हा जोडला. नाना फक्त एवढंच म्हणाले, "एकडाव माफ." होळीच्या आधी बेडकी पुन्हा आली. आप्पा पुन्हा पुढे, पुन्हा नाकाशी वाकले. पुन्हा तीच जागा, पुन्हा जोडापासून दोन बोटं. या वेळी नाना गाडीतून उतरलेच नाहीत, आणि त्यांना उतरायला दोन माणसं लागायची म्हणून नव्हे. "आता पाडवाच," एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. आप्पा संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तुझा हात चांगला हाय गं. पर घाई करती." मी पान सरकवून उठले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यात पाना घातला असता. आप्पा म्हणाले म्हणून रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

पण कापून काढलेला तुकडा माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी उन्हात धरून बघितला. भोक दगडाचं नव्हतं. नळीभोवती बारीक चर पडला होता, अंगठीसारखा, आणि त्या चरात हिरवट डाग. हिरवा डाग तांब्याचा. ॲल्युमिनियमला तांबं घासलं आणि वर काही आंबट किंवा खारट पडलं, की ॲल्युमिनियम कुजतं. हे आम्हाला दुधाच्या मशीनने शिकवलं होतं, तिथे ताक सांडलं की हेच होतं. पण गाडीच्या नाकात तांबं आलं कुठून? आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पुण्याच्या गॅरेजवाल्यानं कायतरी केलं आसंल," आणि दाढी करायला गेले, तीही भर दुपारी.

नवा तुकडा घालून गाडी गेली. दहा दिवसांनी, कुणाला न सांगता, मी एसटीने न्हावऱ्याला गेले. आईला सांगितलं की चौफुल्याला मैत्रिणीकडे जाते. आईने मला दोन दशम्या बांधून दिल्या, म्हणजे तिला ते खोटं वाटलेलं होतं.

नाना संस्थेत गेले होते. काकी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. बेडकी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, तोंड बाहेर काढून उभी. मी जमिनीवर उताणी झाले आणि नाकाखाली बघितलं. तिथे लिंबू लोंबत होतं. पिवळंधमक, रसरशीत लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा. आणि सगळं टांगलेलं थेट माझ्या नळीला, तांब्याच्या तारेने.

"काकी, हे कुणी बांधलं?"

"आता गं बाई! दुकानातनंच तर आलंय की. दर बारीला येतंय. मला वाटलं तुझ्याच हातचं. आप्पांचं काय, ते असलं मानत न्हाईत." काकींनी अभिमानाने पुढे सांगितलं, "मी बी तसं सोडलं न्हाई, बरं का. दर शनवारी ताजं लिंबू ववती त्याच तारंत. चांगलं पिळदार."

चांगलं पिळदार. म्हणजे दर शनिवारी रस चरात मुरत होता, आणि रोज गाडी हादरून तार नळी कापत होती. मी हात घालून तार सोडवली. ती काही लिंबूवाल्याकडची लोखंडी तार नव्हती. पंख्याच्या मोटरीला गुंडाळतात ती वार्निश लावलेली तांब्याची तार होती, आमच्या दुकानातल्या रिळावरची. आणि गाठ मी ओळखत होते. तीन वेढे, शेपूट आत खुपसलेली, वरून अंगठ्याने चपटी केलेली. अशी गाठ तालुक्यात एकच माणूस मारत होता.

मी काकींना म्हणाले, हे आता बांधू नका, गारव्याला चालत नाही. त्यांनी "बरं" म्हटलं आणि मला चहा दिला. चहा गोड होता की नाही, मला सांगता येणार नाही.

एसटीत पाटसपर्यंत मी आप्पांना शिव्या घातल्या, मनातल्या मनात, पण ओठ हलत असावेत, कारण शेजारची बाई सरकून बसली. जन्मभर मंडपात ओरडले, आणि पोरीच्या नावाच्या पहिल्या कामाला चोरून लिंबू! बरं बांधलं तर बांधलं, शेजारी लोखंडी पट्टी होती, तिला बांधायचं. पण दिसत नव्हतं ना. चाचपून पट्टी समजून नळीला वेढे दिले. गाडी परत आली की मी बघायच्या आत सोडून घ्यायचं, जाताना पुन्हा बांधायचं, आणि वर मला सांगायचं, जोड कच्चा! त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं, हे मला पाटसच्या पुढे कळलं, आणि मग राग कुठे ठेवावा ते कळेना.

घरी येऊन मी ती तार त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांना ती दिसली नाही. भाकरी घेताना बोटाला लागली, त्यांनी उचलली, गाठीवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"कुठं व्हती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नळीला."

आई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मालगाडी आली, भांडी थरथरली, आणि तिने मांडणी धरली नाही. एक पातेलं खाली पडलं.

"पट्टीला बांधलं व्हतं म्या," आप्पा म्हणाले.

"न्हाई, आप्पा."

त्यांनी ताट सरकवलं. मी तयारी करून आले होते, पाच-सहा चांगली टोचणारी वाक्यं होती माझ्याकडे. एकही बोलले नाही. नंतर कित्येक वर्षं ती वाक्यं मी नवऱ्यावर वापरली.

पाडव्याला नानांनी निरोप पाठवून आम्हा दोघांना न्हावऱ्याला बोलावलं. संस्थेच्या आवारात गुढी उभी, संचालक मंडळी खुर्च्यांवर, मधोमध बेडकी. काकी एसी लावून आत बसल्या होत्या आणि काच खाली जात नसल्यामुळे आतूनच सगळ्यांना हात करत होत्या. गाडी गार होती. लिंबू काढल्यापासून गॅस गुंजभरही हलला नव्हता.

नाना म्हणाले, "गार हाय, मान्य. पर दोन डाव गळली, हे बी खरं. मंडळी इचारत्यात, का गळली? कारण कळल्याबिगर दुधाचं मशीन द्यायचं न्हाई म्हणत्यात. सांग बाई."

मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी आप्पांच्या पुढे चहाची बशी धरली, आणि आप्पांचा हात बशीच्या वीतभर डावीकडे गेला. रिकाम्या हवेत. त्यांनी तो पटकन मागे घेतला आणि नको म्हणाले. चहा आवडणारा माणूस. लिंबाचं सांगितलं की नळी आणि पट्टीचं सांगावं लागणार, आणि मग डोळ्यांचं. तीस वर्षं काम केलेला मेकॅनिक या खुर्च्यांसमोर एका दमात संपणार.

"जोड कच्चा होता, नाना," मी म्हणाले. "माझी चूक झाली."

मंडळींनी माना डोलावल्या. एक जण "तरी म्या म्हनत व्हतो" असं म्हणाला. असा एक जण प्रत्येक संस्थेत नेमलेला असतो. नानांनी निःश्वास टाकला. आणि आप्पा उभे राहिले.

"लबाड बोलती ती," ते म्हणाले. मंडपातल्या भाषणाचा आवाज, तोच. "जोड तिचा आजूक धरून हाय, जाऊन बघा. नळी म्या कापली." त्यांनी खिशातून ती तार काढून वर धरली. "लिंबू बांधलं व्हतं म्या. व्हय, म्या! पोरीचं पैलंच नावाचं काम, वाटलं कुणाची नदर लागंल. आन् बांधलं ते नळीला, कारण मला दिसत न्हाई. चार वर्सं झाली, दिसत न्हाई. चार वर्सं तुमचं दूध हिनंच गार ठिवलंय, म्या नुसता खोकतोय."

मग काकींनी आतून काचेवर टकटक केलं आणि खुणेने विचारलं, काय झालं? कुणीतरी मोठ्याने ओरडून सांगितलं, "आप्पांनी लिंबू बांधलं!" आणि आवारात असं काही हसू फुटलं की गुढीवरचा कावळा उडाला. नाना तर इतके हसले की त्यांना धरायला दोन माणसं लागली. आप्पाही हसत होते, पण त्यांचे डोळे पुसायचं काम मला करावं लागलं, कारण रुमाल त्यांना सापडत नव्हता.

हसू ओसरल्यावर नानांनी मशीनखोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "पाडवा झाला," एवढंच म्हणाले. आप्पांना त्यांनी त्याच आठवड्यात बेडकीत घालून पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काकी उजवीकडे बसल्याशिवाय ओव्हरटेक होत नव्हता, म्हणून आप्पा त्यांच्या मांडीवर बसून गेले की काय, यावर गावात अजून दोन मतं आहेत. एक डोळा वाचला. त्या वर्षी गणपतीत मंडळाने भाषणाआधी त्यांच्या गळ्यात एकवीस लिंबांचा हार घातला. त्यांनी तो घालूनच भाषण केलं, नवसाने कॉम्प्रेसर चालू होत नाही वगैरे सगळं, आणि घरी येऊन हार आईच्या हातात दिला. "सरबत कर." या वेळी आईने खरंच त्याच लिंबांचं केलं.

आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता माझं शिरूरला वर्कशॉप आहे, हायवेला लागून. शिक्रापूरच्या कंपन्यांच्या गाड्या येतात, हाताखाली सहा जण आहेत, त्यांतल्या दोन मुली. गोणपाटाचा पडदा कुठेही नाही. गळती शोधायला आता यंत्र आहे, ते किंचाळून सांगतं. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना तांब्याची तार दिसली की मी भाषण ठोकते, आणि पोरं मागे तोंड फिरवून हसतात.

मागच्या महिन्यात त्यांतल्या एका मुलीने पहिल्यांदा एकटीने एका जुन्या गाडीचा पूर्ण एसी उतरवून परत बसवला. जोड चांगला होता. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाही. ती हात धुवायला गेल्यावर मी गाडीच्या नाकाशी वाकले, चष्मा लावून नीट बघून पट्टी शोधली, आणि लिंबू बांधलं. सुती दोऱ्याने.